मॅच झालेलं रक्त

पेशंटला रक्त चढवलं की त्याच्या रक्ताची एक नळी आणि त्या पिशवीची एक नळी आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो. काही बिघडलंच तर पुन्हा तपासता यावं म्हणून. आठव्या दिवशी त्या काढायच्या, निर्जंतुक करायच्या आणि टाकून द्यायच्या. असा नियम आहे. किश्श्यांसाठी मात्र कुणी नियम केलेला नाही. ते साचत जातात, आणि जे टाकून द्यावेसे वाटतात तेच नेमके पुढच्या रांगेत येऊन बसतात.

मी हिंगोलीतल्या एका रक्तपेढीत एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. माहेर हट्ट्याचं, त्यामुळे आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी, असं आमचे साहेब म्हणतात. साहेब म्हणजे रक्तपेढीचे डॉक्टर. बोलणं कमी, पण जे बोलतील ते चार दिवस पुरतं. तिसरे शेख मामा, आमचे अटेंडंट. रिटायर व्हायला आलेत, पण पिशवी हातात घेतली की लेकरू घेतल्यासारखी घेतात. एवढेच आम्ही.

लोक विचारतात, तुमच्याकडे हसण्यासारखं काय असतं हो? असतं की. हसण्यासारखं आधी सांगते, कारण मग राहून जाईल.

*

शिरड शहापूरकडचे दोघे भाऊ. वडलांचं ऑपरेशन होतं, दोन पिशव्या लागणार होत्या. बदली रक्त द्यायला दोघंही आले.

थोरला दारातूनच भांडत आला. पार्किंगवाल्याशी भांडला, माझ्याशी भांडला, सुई बघून सुईशी भांडला. मग धाकट्याकडे वळून बांधावरच्या बाभळीचा विषय काढला आणि दहा मिनिटं त्याचा उद्धार केला. रक्त देताना बीपी किती येईल याचीच मला काळजी. पण दिलं त्यानं. वर बिस्किटाचा पुडा निम्मा धाकट्याला दिला आणि गेला.

धाकटा गुणी. प्रत्येक वाक्याला "हाव मॅडम, बराबर हाय मॅडम." फॉर्म भरला, चहा घेतला, लघवीला जाऊन येतो म्हणाला, तो काही परत आला नाही. आम्ही म्हटलं भ्याला असेल.

आठ दिवसांनी थोरला पुन्हा आला, आता मात्र आवाज बसलेला. आम्ही चहा पाजत होतो त्या दिवशी धाकटा वर वॉर्डात जाऊन म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन गेला होता. वावर त्याच्या एकट्याच्या नावावर!

साहेबांनी तेव्हापासून ही जोडी आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगायला घेतली. आपल्या रक्तात परक्या पेशींशी भांडणाऱ्या अँटिबॉडीज असतात, त्यांचे वेगवेगळे वर्ग. आयजीएम म्हणजे थोरला. आकारानं मोठी, पेशी दिसली की धरली, गठ्ठा केला, जागेवर फोडली. आपल्या डोळ्यांना दिसतं. आयजीजी म्हणजे धाकटा. लहान. ती पेशीला नुसती चिकटून बसते. गठ्ठा नाही, आरडाओरडा नाही. पण तिची खूण अंगावर असलेली पेशी पोटातल्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, गेली की तिथले पहारेकरी ती खूण ओळखतात आणि पेशी गिळून टाकतात. एकेक करून, दिवसेंदिवस. साहेब म्हणायचे, "थोरल्याला भिऊ नका. धाकट्याची चौकशी करा."

*

तरी थोरलाही काही साधा नाही. त्याचाही एक सांगते.

एकाच वॉर्डात दोन गंगाबाई. दोघींचं आडनाव एक, गावंही एकमेकांना लागून. एक ओ ग्रुपची, एक बी. आमच्याकडून पिशवी बरोबर गेली, वर गेल्यावर गंगाबाई चुकली. बीची पिशवी ओ गंगाबाईला लागली.

पाच मिनिटं झाली नसतील. बाई उठून बसली आणि ओरडायला लागली की कंबर फुटली, अंगात इस्तव घातला माझ्या. वॉर्डातल्या सिस्टरनं सांगितलं, मावशी, रक्त लावलं की होतंच थोडं, पडून राहा. मावशी कसली पडून राहते. तिनं स्वतःच्या हातानं नळी उपटून काढली आणि वॉर्ड डोक्यावर घेतला. शेख मामा दुसरी पिशवी द्यायला वर गेले होते, त्यांनी लेबल बघितलं आणि जिन्यावरून पळत खाली आले. वाचली बाई. मूत्रपिंडं बंद पडतात की काय म्हणून बारा दिवस लघवी मोजत बसलो आम्ही, पण वाचली.

बाई घरी निघाली तेव्हा सिस्टर माफी मागायला लागली की नावं एकच होती ना मावशी. तर गंगाबाई म्हणाली, "नाव एक म्हून नवरा बी बदलतान का?"

आयजीएमचं हे एक बरं. ती बोंब मारते, आणि ज्याला लागते त्यालाही बोंब मारायला लावते. ऐकायला कुणी असलं की माणूस वाचतो.

*

एकदा डिसेंबरात एक म्हातारबा आला. हिमोग्लोबिन चार. ज्या पिशवीशी लावावं तिच्याशी गठ्ठा. तीन ठिकाणांहून 'मॅच होत नाही' म्हणून परत पाठवलेला. पोरानं तर पाहुण्यांना फोन करून ठेवले होते की भेटून जा.

साहेबांनी नळी हातात धरली, थोड्या वेळानं उजेडात बघितली आणि म्हणाले, "ही थंडीतली आयजीएम आहे. गारठ्यात भांडते, उबेत सोडून देते. सगळं सदतीस डिग्रीवर करा." नेमका आमचा वॉटर बाथ बंद. शेख मामा थर्मामीटर घेऊन समोरच्या चहाच्या टपरीवर गेले, आणि गरम-गार पाणी मिसळून सदतीसवर धरून बसले. चहावाला म्हणाला, मामा, एवढ्या कोमट पाण्याचा चहा होतो का कुठं?

गठ्ठा सुटला, मॅच झाली. पिशवी लावताना म्हाताऱ्याच्या अंगावर दोन घोंगड्या टाकल्या आणि रक्त सावकाश, उबेत दिलं. आयजीएमनं गाठलेल्या काही पेशी लिव्हरनं धरल्याही असतील, पण बऱ्याचशा परत सोडल्या. म्हातारबा सुधारला. जाताना साहेबांना विचारलं, घरी काय पथ्य. साहेब म्हणाले, "अंघोळ गरम पाण्यानं, आणि भांडण उन्हात."

झालं. हसण्यासारखं एवढंच होतं.

*

मनीषा पहिल्यांदा आली तेव्हा पाच वर्षांची होती. सेनगावकडच्या एका तांड्यावरची. थॅलेसेमिया, म्हणजे अंगात स्वतःचं रक्त धड बनतच नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यायचं, तरच लेकरू शाळेत जाणार, खेळणार, जगणार. ग्रुप बी. आईला याडी म्हणायची आणि आमच्या शेख मामांना मामा, जसं काही तांड्यावरचाच सख्खा मामा.

दर मंगळवारी नाही, पण महिन्यातला एखादा मंगळवार तिचा ठरलेला. आली की खिडकीतून विचारायची, "मॅडम, आज कोणतं पाहुणं हाय?" रक्ताला पाहुणं म्हणायची ती. दुसऱ्याच्या घरचं आलेलं, चार दिवस राहणार आणि जाणार. पुढच्या वेळी आली की हिशोब द्यायची, मागचं पाहुणं चांगलं होतं, मी खो-खो खेळले. किंवा, मागचं लवकर गेलं.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हापासून पाहुणी लवकर जायला लागली. तीन आठवड्यांचे दोन झाले. दोनाचे दहा दिवस. पोट डावीकडे फुगलं, डोळ्यांत पिवळी झाक. तिची आई खिडकीशी येऊन म्हणायची, "ताई, रगत टिकून न्हाई राहिलं."

मी रजिस्टर उघडून दाखवायची. हे बघा बाई, मॅच झालेलं आहे. इथं माझी सही आहे.

"मॅच झालं आसंन," ती म्हणायची. "पण टिकून न्हाई राहिलं."

चार महिने तिनं हे वाक्य म्हटलं आणि चार महिने मी तिला सही दाखवली. आता मॅच म्हणजे काय करायचो आम्ही, तर सलाईनमधली मॅच. पेशंटचं सीरम, दात्याच्या पेशी, फिरवायचं, गठ्ठा झाला तर नाही म्हणायचं. त्यात थोरला सापडतो. धाकटा सापडायला कूम्ब्सचं सीरम लागतं, आणि ते संपलं होतं. वरच्या ऑफिसला मागणी गेली होती. मागणी वर गेली, की आपलं काम झालं असं आम्हाला वाटतं. मी शिकायला येणाऱ्या पोरींना दोघा भावांची गोष्ट रंगवून सांगत होते आणि धाकटा माझ्या नाकासमोर त्या लेकराच्या पेशी एकेक करून पाणथरीत पोचवत होता. एवढी मी हुशार.

*

सीरम आलं त्या दिवशी पहिली नळी मनीषाची लावली. गठ्ठा, एकदम घट्ट. साहेबांनी नमुना मोठ्या ठिकाणी पाठवला. रिपोर्ट आला, अँटी-किड. किड नावाची एक खूण काही लोकांच्या लाल पेशींवर असते, काहींच्या नसते. मनीषाच्या पेशींवर ती नव्हती, आणि एवढ्या पिशव्या घेता घेता तिच्या अंगानं त्या खुणेविरुद्ध आयजीजी तयार केली होती. म्हणजे आता किड नसलेलंच रक्त द्यायचं. बाकी कितीही मॅच होऊ दे.

मला त्या दिवशी आनंद झाला, खरं सांगते. रोगाचं नाव सापडलं की टेक्निशियनला अर्धा रोग बरा झाल्यासारखा वाटतो. साहेब म्हणाले, तिला एक कार्ड करून द्या, जिथं जाईल तिथं दाखवेल. कार्डं सगळी इंग्रजीत असतात. मी म्हटलं, घरच्यांना वाचता यायला नको का? मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात, लाल पेनानं मराठीत लिहिलं: 'या मुलीच्या रक्तात अँटी-किड आहे. रक्त देण्यापूर्वी हे कार्ड पाहणे.' लॅमिनेशनही केलं. आईच्या हातात दिलं. तिनं वाचलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदराच्या आत घातलं. मला वाटलं, जपून ठेवतेय.

*

आमच्या फ्रीजमधल्या सतरा बी पिशव्या तपासल्या तेव्हा किड नसलेली एक सापडली. पुसेगावच्या एका गुरुजींची. साहेबांनी स्वतः फोन करून त्यांना समजावलं की तुमचं रक्त एका लेकरासाठी राखून ठेवायचंय, दर तीन महिन्यांनी याल का. गुरुजी म्हणाले, येतो, पण माझ्या रक्तात काय कमी आहे ते बायकोला सांगू नका, ती आधीच यादी करून बसलीय.

ती पिशवी मनीषाला लावली आणि आम्ही दिवस मोजत बसलो. दहा झाले, पंधरा झाले, तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात ती आली ती जिना चढून. वेणीला लाल रिबीन, गालावर रंग. खिडकीतून म्हणाली, "मॅडम, हे पाहुणं जाऊनच न्हाई राहिलं." शेख मामांनी डोळे पुसले आणि वर मलाच म्हणाले की फिनाईल डोळ्यात गेलं.

पुढं दीड वर्ष चाललं. कधी गुरुजी, कधी आलेल्या पिशव्या तपासून सापडेल ती. पोरगी अभ्यासात हुशार. आमचं बोलणं ऐकून ऐकून तिला सगळं कळायला लागलं होतं. पिशवी आणली की मामांना विचारायची, किड बघितली का? मामा म्हणायचे, बघितली माय. मग हात पुढं करायची. एकदा मला म्हणाली, याडी रोज सकाळी कडुलिंबाचा रस पाजून राहिली, लई कडू. मी म्हटलं, पी, रक्त शुद्ध होतं. काय म्हणून पाजते ते विचारावं असं मला सुचलं नाही.

साहेबांना मात्र एकच धास्ती होती. किडची आयजीजी लपते. किड असलेलं रक्त काही महिने अंगात गेलं नाही, की ती इतकी कमी होते की कूम्ब्समध्येही दिसत नाही. झालंही तसंच. वर्षभरानं मनीषाची तपासणी कोरी आली. साहेब म्हणाले, "गेलेली नाही ती. फक्त विसरल्याचं सोंग करतेय. एक चुकीची पिशवी गेली की आठ दिवसांत फौज उभी करेल." म्हणजे आता तिला वाचवायला तपासणी उपयोगाची नव्हती. ते कार्ड होतं, नाहीतर सांगणारं कुणीतरी.

*

मागच्या दिवाळीत फ्रीज रिकामा पडला. सोयाबीन काढणी, सणाची धांदल, शिबिरं बंद. बीच्या तीन पिशव्या होत्या, तिन्हींवर किड. गुरुजींना डेंग्यू झालेला. मनीषाचं हिमोग्लोबिन पाच. साहेबांनी नांदेडला फोन लावले, दोन दिवसांत पाठवतो म्हणाले.

मी तिच्या आईला सांगितलं, दोन दिवस थांबा.

ती म्हणाली, "दोन दिस कसे काढू ताई? पोरगी दम टाकून राहिली."

सकाळपासून चाळीस जणांनी मला हेच विचारलं होतं. मी म्हटलं, बाकीचे काढतात तसे. अशी बोलले मी. हट्ट्याची जीभ. ते शब्द मला परत घेता आले असते तर मी काय दिलं असतं, ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी पिशवी आली. फोन केला तर मनीषाचा बाप देवीदास म्हणाला, दुसऱ्या गावच्या एका दवाखान्यात नेलं होतं, झालं काम. रगत लगेच भेटलं, तुमच्यासारखे नखरे न्हाईत तिथं. मी विचारलं, कार्ड दाखवलं का? त्यानं फोन ठेवला होता.

साहेबांनी त्या दवाखान्याचा नंबर शोधून फोन केला. तिथं सांगण्यात आलं, मॅच व्यवस्थित झालेली आहे. खोटं बोलत नव्हते ते. आमच्याकडेही त्या दिवशी ती मॅच झालीच असती.

आठव्या दिवशी आणलं तिला. डोळे हळदीसारखे, लघवी काळ्या चहासारखी. कूम्ब्स लावली, नळीत पाहायला वेळच लागला नाही. विसरलेली फौज उभी राहिली होती. हिमोग्लोबिन तीनच्या आत. तिच्यासाठी आलेली ती पिशवी फ्रीजमध्ये तशीच होती, मामांनी ती उबेत धरून वर नेली. मनीषा डोळे मिटून होती. पण पिशवी लावायच्या आधी तिचे ओठ हलले आणि मामा वाकून म्हणाले, "बघितली माय, बघितली."

तिथून ॲम्ब्युलन्सनं नांदेडला. तिसऱ्या दिवशी गेली. अकरा वर्षांची होती.

मी त्यानंतर दोन आठवडे रजेवर होते. घरी बसून काय केलं ते आठवत नाही. मनीषाच्या आईचं ते चार महिन्यांचं वाक्य डोक्यात चालू होतं. रगत टिकून न्हाई राहिलं. आम्ही एवढी शिकलेली माणसं, निदान आमच्याआधी तिनं केलं होतं.

*

महिन्याभरानं दोघं नवरा-बायको कागदपत्रांसाठी आले. साहेबांना त्या दवाखान्याची फाईल बघायची होती, ती त्यांनी आणली होती. मामांनी चहा आणला. कुणी घेतला नाही.

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. कार्ड का नाही दाखवलं?

आईनं पदर तोंडाशी धरला. देवीदास म्हणाला, "मॅडम, ते कार्ड आमी पत्र्याच्या पेटीत ठुलं व्हतं. मोठ्या पोरीला बघायला पाहुणे येऊन राहिले व्हते. कुणी वाचलं आसतं तर?"

मला कळेना, वाचलं तर काय.

"अँटी काय, ते आमाला कळलं न्हाई," तो म्हणाला. "किड तेवढं कळलं. हरभऱ्याला लागती, कापसाला लागती. रगतात किड हाय म्हणल्यावर त्या घरची पोरगी कोण करन?"

दीड वर्ष ती बाई पोरीला कडुलिंब पाजत होती ते त्यासाठी. कीड मरावी म्हणून. ऱ्हस्व काय आणि दीर्घ काय, आमच्याकडे कोण बघतो. इंग्रजीत लिहिलं असतं तर त्यांना काहीच कळलं नसतं, आणि न कळणारा कागद आपली माणसं डॉक्टरपुढं धरतातच. त्यांना कळावं म्हणून मी मराठीत लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. ते मला आता नको आहे.

साहेब फाईल वाचत होते. ग्रुप बरोबर, मॅच बरोबर, वेळ बरोबर, सही बरोबर. मग एका पानावर थांबले, पुढचं पान बघितलं, पुन्हा मागं आले.

"ही जंताची गोळी कशाला लिहिलीय?" ते म्हणाले. "रक्त लावायच्या आधी?"

देवीदासला माहीत नव्हतं, तो तेव्हा बाहेर, रक्ताची पिशवी मिळते त्या खिडकीशी उभा होता. आईनं पदर तोंडाशी धरला होता तो काढला.

"मी गप बसले व्हते, साहेब," ती म्हणाली. "मनीषाच म्हणली. सुई टोचायच्या आदी म्हणली, मह्या रगतात किड हाय, बघून द्या. दोनदा म्हणली. नर्सबाई हसल्या. म्हणल्या, समद्याच लेकरांला राहते माय. अन् ती गोळी देली, चावून खाय म्हणल्या."

साहेबांनी विचारलं, मग?

"खाल्ली तिनं."